उतरत्या उन्हाची लाली

सांता पॉला गावात ओफेलिया क्विंटेरो एकतीस वर्षं मेलेल्या माणसांचे चेहरे रंगवत होती. गावात फ्युनरल होम, म्हणजे अंत्यविधीआधी मृतदेह तयार करून ठेवायची जागा, एकच, हबेल यांचं. त्यामुळे संत्र्याच्या बागेत राबलेला असो, बँकेत बसलेला असो की दोनदा महापौर झालेला असो, शेवटी सगळे तिच्याच टेबलावर येऊन पडत. "तुझं बरं आहे, गिऱ्हाईक तक्रार करत नाही," असं लोक तिला गमतीनं म्हणत. तो विनोद ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. तक्रार करायला नातेवाईक असतात ना! "आमच्या आईनं जन्मात असली लिपस्टिक लावली नव्हती." "बाबांची डावी भुवई जरा वर असायची हो." ओफेलिया मुकाट्यानं लिपस्टिक पुसायची आणि भुवई वर न्यायची.

तिची एकुलती एक मुलगी नोएमी डोंगरापलीकडच्या ओहाय गावात नोकरीला होती. गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता. पण सांता पॉलातली माणसं पोट भरायला संत्री तोडत, आणि ओहायमधली माणसं मन मोकळं करायला संत्र्याच्या झाडाला मिठी मारत, एवढा फरक त्या अर्ध्या तासात पडायचा. नोएमी 'टॅन्सी अँड टार्न'मध्ये होती. ते दुकान होतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती, म्हणायचं 'घर'. तिथं मेकअप मिळायचा, पण मेकअप हा शब्द काढायचा नाही. म्हणायचं 'चेहऱ्याशी संवाद'. सगळं हातानं बनवलेलं, नैसर्गिक. नदीकाठची माती, बिटाचा रस, जाळलेल्या अक्रोडाच्या टरफलांची काजळी, डोंगरातल्या पोळ्याचं मेण. गालाला लावायच्या लालीच्या एका डबीत ओफेलियाच्या घरचा आठवड्याचा बाजार आला असता. नोकरीवर घेताना प्रत्येक मुलीला एखाद्या झाडपाल्याचं नाव द्यायचे. नोएमीला 'यॅरो' मिळालं होतं. तिची मैत्रीण आधी रुजू झाली म्हणून तिला 'रोझ' मिळालं. उशिरा आलेल्या एकीला 'बर्डॉक', म्हणजे कपड्यांना चिकटणारं काटेरी तण, यावर समाधान मानावं लागलं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी नोएमीचा फोन आला.

"आई, शनिवारी काय करतेयस?"

"मिसेस डेलगाडो."

"त्या शुक्रवारी नाही का चालणार?"

"त्यांना कधीही चालेल. त्यांच्या मुलांना विचारावं लागेल. का गं?"

मग नोएमीनं सगळं सांगितलं. पन्नाशीपुढच्या बायकांसाठी 'उतरतं ऊन' नावाचे नवे रंग निघाले होते. शनिवारी त्यांचा पहिला कार्यक्रम. लिहिणारे, फोटो काढणारे, मोठ्या दुकानांचे खरेदीदार, सगळे येणार होते. मालकीण लिनेया स्वतः एका बाईच्या चेहऱ्यावर ते रंग लावून दाखवणार होती. पण ती बाई ऐनवेळी गळाली होती.

"काय झालं तिला?"

"पुरळ आलंय चेहऱ्यावर."

"कशानं?"

"ते आम्ही विचारत नाही, आई," नोएमी आवाज खाली आणून म्हणाली. "लिनेयाला खरा चेहरा हवाय. ज्याच्यावर काहीच केलेलं नाही असा. मी तुझा फोटो दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं."

"इतका वाईट आहे का?"

"अगं नाही! ती म्हणाली, हा चेहरा जगलाय."

ओफेलियानं समोरच्या खिडकीच्या काचेत बघून घेतलं. अठ्ठावन्न वर्षं, बसकं नाक, डोळ्यांखाली काळं. जगलाय तर जगलाय.

"येते," ती म्हणाली.

"आणि आई..." नोएमी अडखळली. "तिथं कुणी तुझ्या कामाचं विचारलं तर... मी सांगून ठेवलंय, की आयुष्याच्या महत्त्वाच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसांसोबत तू काम करतेस."

"उभ्या?" ओफेलियानं विचारलं.

फोन ठेवल्यावर मात्र तिला ते लागलं. याच पोरीनं दहाव्या वर्षी तिला ब्रश धुवायला मदत केली होती. याच कामाच्या पैशांवर पोरीचे दात सरळ झाले होते, कॉलेज झालं होतं. पण मुलं मोठी झाली की त्यांना आई पुन्हा नव्यानं बनवावीशी वाटते. सगळ्यांचंच होतं तसं. तिनं मिसेस डेलगाडोंच्या मुलांना फोन लावला आणि शुक्रवार ठरवला.

शनिवारी सकाळी तिनं बीन्सचा बरिटो गाडीतच संपवला. त्या 'घरा'त खायला काय असतं ते नोएमीनं सांगून ठेवलं होतं. मागच्या सीटवर एक खोका होता. हबेलसाहेबांनी मागवलेलं नवं कोरं सामान, शुक्रवारी आलेलं, सील न फोडलेलं. सोमवारी आत न्यायचं म्हणून तिनं ते तसंच राहू दिलं होतं.

'टॅन्सी अँड टार्न' एका जुन्या गोदामात होतं. पूर्वी तिथं संत्री पेट्यांत भरत. ओफेलियाच्या आजीनं तिथं नऊ वर्षं पेट्या भरल्या होत्या. आता भिंतींना चुना, जमिनीवर चटया, आणि मधोमध एका दगडावर एकच बीट ठेवलेलं. आत मुली अनवाणी हिंडत होत्या. नोएमी धावत आली. तिच्या अंगात गव्हाच्या पोत्यासारखा झगा होता.

"आरसा कुठाय?" ओफेलियानं विचारलं. केस नीट करायचे होते.

"आरसा नसतो इथं, आई. लिनेया म्हणते, आरसा माणसाचा निवाडा करतो."

"मग लावलेलं कसं कळतं?"

"आतून कळतं."

तेवढ्यात लिनेया आली. पन्नाशीची, उंच, सडसडीत, खांद्यापर्यंत पांढरे केस. तिनं ओफेलियाला मिठी मारली आणि सोडलीच नाही. लिनेया लहानथोर सगळ्यांशी अगं-तुगंच करायची. नाहीतर म्हणे आत्म्यांमध्ये अंतर पडतं.

"किती गार हात आहेत तुझे!" ती म्हणाली.

"कामामुळे," ओफेलिया म्हणाली.

"हो, यॅरोनं सांगितलंय. वळणावरच्या माणसांसोबत. किती देत असशील तू त्यांना! ती बोलतात का तुझ्याशी, मन मोकळं करून?"

"फारसं नाही."

"खरं आहे," लिनेयानं डोळे मिटले. "खरं बोलणं शब्दांपलीकडेच असतं."

नोएमीनं आईचा दंड जोरात दाबला.

पाहुणे बारा-तेरा होते. सगळे चटयांवर मांडी घालून बसले होते, आणि निम्म्यांना ती मांडी झेपत नव्हती. एकटी विनिफ्रेड ॲशबी तेवढी खुर्चीवर बसली होती. न्यूयॉर्कमधल्या एका भल्या मोठ्या दुकानासाठी ती खरेदी करायची. वय सत्तरीच्या पुढं, काळा पोशाख, हातात काठी. खुर्ची मिळेपर्यंत ती दारातच उभी राहिली होती, त्यामुळे शेजारच्या नर्सरीतून खुर्ची मागवावी लागली. तिनं 'हो' म्हटलं तर 'टॅन्सी अँड टार्न'चं वर्ष निघणार होतं आणि 'नाही' म्हटलं तर गोदामात पुन्हा संत्री भरावी लागणार होती, असं नोएमी आईच्या कानात सांगून गेली. प्रत्येकाच्या हातात काटेरी पाल्याचा चहा आणि बशीत एक बदाम होता. एकच.

ओफेलियाला मधोमध बसवलं. लिनेयानं मातीचं भांडं हातात घेतलं.

"इतरांचा मेकअप झाकतो," ती पाहुण्यांना म्हणाली. "आमचा विचारतो."

"काय विचारतो?" विनिफ्रेडनं विचारलं.

"ज्याचं त्याला कळतं."

मग मातीचा पहिला थर चढला. तो चढवताना बोलायचं नव्हतं, कारण माती ऐकत असते. दुसरा चढला. तिसरा चढवताना लिनेया म्हणाली, "आता वीस मिनिटं हसू नकोस. माती तुझा चेहरा शिकतेय."

ओफेलियाला एकदम शिंकच आल्यासारखं झालं. ती तिनं मोठ्या कष्टानं गिळली. लिनेयाचा हात चेहऱ्यावर फिरत होता तसतशी तिला प्रत्येक चूक आरशाशिवाय कळत होती. माती नीट चाळलेली नव्हती. कणाकणांची रेव कातडीला लागत होती. थर गालावर जाड आणि नाकाच्या कडेला पातळ. कानाजवळ हात फिरवून कड मिटवायची असते, ती मिटवलीच नाही. तिच्या हाताखालच्या एखाद्या पोरीनं असं काम केलं असतं तर ओफेलियानं तिला ओला स्पंज हातात देऊन पहिल्यापासून करायला लावलं असतं.

नंतर गालांना बिटाची लाली. ती सकाळपासून बर्फात ठेवली होती आणि लावायच्या आधी तळहातावर धरून तिच्याशी ओळख करून घ्यायची होती. पापण्यांना अक्रोडाची काजळी. ओठांना काहीतरी करड्या रंगाचं लावलं.

"रंग दिसत नाही मला," चटईवरचा एक तरुण म्हणाला. हा मेकअपवर लिहायचा, आणि त्याचं लिहिणं लाखो लोक वाचायचे.

"ओठांची लाली पहिली दहा मिनिटं लाजते," लिनेया म्हणाली. तरुणानं ते वाक्य लिहून घेतलं.

"आणि तुम्हाला कसं वाटतंय?" विनिफ्रेडनं थेट ओफेलियालाच विचारलं. इतका वेळ तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

ओफेलियानं खूप शब्द शोधले. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिच्या टेबलावर त्याची कधी गरज पडली नव्हती.

"माठासारखं," ती म्हणाली.

विनिफ्रेड खो-खो हसली. तिचं हसणं बघून ओफेलियालाही आवरेना. ती हसली आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत एक लांब भेग पडली. गालावरचा एक पोपडा सुटला आणि सरळ तिच्यासमोर ठेवलेल्या चहाच्या कपात पडला. नोएमीनं डोळे झाकून घेतले.

लिनेया मात्र क्षणभरही गडबडली नाही. "पाहिलंत?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "माती मुक्त होतेय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघीतिघींनी तेही लिहून घेतलं.

यानंतर फोटोंसाठी मंडळी बागेत गेली. बारा वाजून गेले होते आणि पारा शंभर फॅरनहाइटवर होता. ओहायच्या सप्टेंबरात त्या वेळी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण लिनेयाला नैसर्गिक उजेड हवा होता. तिनं पहाटे उठून स्वतःच्या चेहऱ्यावरही 'उतरतं ऊन' लावलं होतं, आणि आता खरं ऊन त्याच्यावर उतरलं. मेण पातळ झालं. बिटाची लाली गालावरून निघाली ती हनुवटीला वळसा घालून मानेवर आली. काजळी सुरकुत्यांतून वाट काढत डोळ्यांच्या कोपऱ्यांत साचली. सकाळी हळदीकुंकवाला निघालेली बाई दुपारी मारामारीतून परत यावी तशी लिनेया दिसू लागली. आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. फुलझाडापाशी उभी राहून ती म्हणत होती, "आमचे रंग दिवसाबरोबर प्रवास करतात."

मुलींपैकी कुणी बोलेना. कुणाच्या चेहऱ्याबद्दल शेरा मारायचा नाही असा 'घरा'चा नियम होता. पाहुणे सभ्य होते. छायाचित्रकार कॅमेऱ्यामागे तोंड लपवून खांदे हलवत होता.

"आई," नोएमी कुजबुजली, "काहीतरी कर."

सांगायची गरज नव्हती. बिघडलेला चेहरा लोकांसमोर ठेवणं ओफेलियाला जमतच नव्हतं, मग तो कुणाचा का असेना. दुःखानं पाय लटपटणाऱ्या नातेवाइकांना ती जशी कोपराला धरून न्यायची तशी तिनं लिनेयाला धरलं.

"जरा आत चला," ती म्हणाली.

"पण मी आत्ताच—"

"आत चला."

त्या आवाजापुढं आजवर कुणी वाद घातला नव्हता. मागं सामानाची खोली होती. तिथं फिनेलच्या बाटल्यांमागं मुलींनी एक हातआरसा लपवून ठेवला होता. नोएमीनं तो काढला. लिनेयानं त्यात पाहिलं आणि ती एका खोक्यावर मटकन खाली बसली.

"बारा वर्षांत मी आरसा पाहिला नाही," ती हुंदका देत म्हणाली.

"अजिबात?" ओफेलियानं विचारलं.

"म्हणजे... लोकांसमोर नाही."

ओफेलियानं नोएमीला गाडीतला खोका आणायला पाठवलं आणि दुसऱ्या मुलीकडून लालीखालचा सगळा बर्फ मागवला. खोका आल्यावर तिनं सील फोडलं, बाटल्या ओळीनं मांडल्या, ब्रश काढले. लिनेया घाबरून बघत होती.

"हे नैसर्गिक आहे का?"

"नाही."

"हातानं बनवलेलं?"

"कारखान्यातलं आहे. माझ्या कामावर हेच वापरतो आम्ही. नवं आहे, कुणाला लावलेलं नाही. नको असेल तर आत्ता सांगा, तोंड धुवून देते आणि बाहेर जा."

बाहेर विनिफ्रेडची काठी फरशीवर टक्‌टक् वाजली. लिनेयानं दाराकडे पाहिलं. "लाव," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "ही वळणावरची माणसं... कुठलं वळण म्हणालीस?"

"शेवटचं," ओफेलिया म्हणाली.

"किती सुंदर," लिनेया म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

"आता आडव्या व्हा. मला आडव्या माणसावरच हात चालवायची सवय आहे."

लिनेया पेट्यांवर आडवी झाली. ओफेलियानं सगळं पुसून काढलं, चेहऱ्यावर बर्फ फिरवून कातडी गार केली, आणि मग तिचा हात सुरू झाला. पातळ थर, बोटाच्या टोकानं दाबत दाबत. डोळ्यांखाली थोडा पिवळा, गालावर अगदी कमी गुलाबी, वरून पावडर. बोलणं नाही, संवाद नाही. लिनेयाचं तोंड कायम किंचित आवळलेलं असायचं, जन्मभर काहीतरी विकत असल्यासारखं. ओफेलियानं ओठांच्या कडा अशा रंगवल्या की ते आवळणं सुटल्यासारखं वाटावं. बारा मिनिटांत काम झालं. शेवटी सवयीनं तिनं लिनेयाचे दोन्ही हात उचलून छातीवर नीट जुळवून ठेवले.

नोएमीनं घाईघाईनं ते पुन्हा बाजूला केले.

लिनेया बाहेर आली तेव्हा बागेतली कुजबुज थांबली. ती दहा वर्षांनी लहान दिसत होती असं नाही. उलट वय होतं तेवढंच दिसत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर अशी काही शांती होती, जणू सगळी देणीघेणी, भांडणं, हेवेदावे संपले आणि आता कुणाकडून काही नको. पाऱ्यानं आणखी उसळी मारली होती, पण तिच्या कपाळावर एक थेंब नव्हता.

"असा निवांतपणा मी जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता," तो लिहिणारा तरुण भारावून म्हणाला.

"काय लावलंय हे?" दोन-तीन आवाज आले.

लिनेयानं श्वास घेतला. ओफेलियाला वाटलं, आता ही सांगेल. लिनेया म्हणाली, "उतरतं ऊन. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो." मग तिची नजर ओफेलियाकडे गेली. ओफेलियाचा स्वतःचा चेहरा अजून तसाच होता, अर्धी माती चिकटलेली, अर्धी उडालेली, कुणाला तो पुसायचं सुचलं नव्हतं. लिनेया हसून म्हणाली, "काही चेहऱ्यांना शिकायला जास्त वेळ लागतो. काहींनी स्वतःला फार बंद करून घेतलेलं असतं."

लोकांनी ओफेलियाकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

नोएमीच्या हातात बदामांचं ताट होतं. ते तिनं इतक्या जोरात ठेवलं की बदाम गवतावर उडाले.

"ते आपलं नाहीये," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "तुमच्या चेहऱ्यावर जे आहे ते माझ्या आईनं लावलंय, तिच्या कामाच्या सामानानं. ती सांता पॉलाला हबेल यांच्याकडे मेलेल्या माणसांचा मेकअप करते. एकतीस वर्षं. आणि तिच्या हातचा एकही चेहरा आजवर कपात पडलेला नाही. माझं नाव नोएमी क्विंटेरो आहे. यॅरो कुणीही नाही."

ओफेलियाला पोरीचा अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी पोरीची नोकरी गेली याचं वाईटही वाटलं. लिनेयाचा हात हळूच स्वतःच्या गालाकडे गेला आणि गालापासून एक बोट अंतरावर थांबला.

पहिल्यांदा बोलली ती विनिफ्रेड.

"बिटाचं नाही एवढं मला दिसत होतंच, बाळ," ती नोएमीला म्हणाली. "चव्वेचाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. आपलाच माल आपल्या तोंडाला लावणारी मालकीण मला आजवर भेटली नव्हती. ही निदान पहाटेपासून बारापर्यंत तरी लावून बसली होती, ते मला आवडलं. खरेदी होईल. आमच्याकडं लोक डबी घेतात, कपाटात ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. तोंडाला कोण लावतं?"

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. तरुणाचे डोळे चमकत होते. त्याला अशी बातमी वर्षात मिळाली नव्हती. लिनेया चार सेकंद गप्प राहिली. ओफेलियानं नंतर नोएमीला सांगितलं, की त्या चार सेकंदांत तिला त्या बाईचा खरा चेहरा दिसला, आणि तो वाईट नव्हता, घाबरलेला होता. पण पाचव्या सेकंदाला लिनेयानं हात जोडले.

"मृत्यू," ती म्हणाली. "किती दिवस आपण या शब्दाला घाबरणार? आज या घरात तो स्वतः चालत आला. ओफेलियाच्या रूपानं."

"मी गाडीनं आले," ओफेलिया म्हणाली. पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही.

ती तोंड धुवायला निघाली तेव्हा विनिफ्रेडनं काठी आडवी धरून तिला थांबवलं.

"तुमचं कार्ड आहे का?"

"हबेलसाहेबांचं आहे."

"द्या. माझी वेळ येईल तेव्हा तुम्हीच या. न्यूयॉर्कला."

"एवढ्या लांब?"

"विमानाचं तिकीट माझ्या पुतण्यांना काढू दे, त्यांना बरंच काही मिळणार आहे," विनिफ्रेड म्हणाली. "एकच अट. ही माती मला लावायची नाही. मातीत जायचंच आहे, आधीपासून घाई कशाला?"

तोंड धुताना मातीबरोबर ओफेलियाची अर्धी भुवई गेली, आणि सोमवारी हनुवटीवर पुरळ उठलं. कशानं, ते तिनं विचारलं नाही. नोएमीची नोकरी मात्र गेली नाही. त्या तरुणाचं लिहिणं इतकं गाजलं की लोक 'ती खरं बोलणारी मुलगी' बघायलाच यायला लागले. लिनेयानं तिचा पगार वाढवला आणि तिला कुणी रागवायचं नाही असं सगळ्यांना सांगितलं. झग्यावर मात्र नोएमीनं आपलं खरं नाव शिवून घेतलं. एका गुरुवारी लिनेया स्वतः सांता पॉलाला आली. चपला घालून. ती ओफेलियाच्या टेबलापाशी अर्धा तास उभी राहिली. एका म्हाताऱ्या बागकामगाराची दाढी ओफेलिया करत होती. त्याच्या मुलीनं सांगितलं होतं, रविवारची करायचा तशी. लिनेयानं वहीत काही लिहिलं नाही. निघताना ती फक्त म्हणाली, "तुम्ही आधी त्यांच्या माणसांना विचारता." तिनं पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं होतं. ओफेलियाला वाटलं, बाई बदलली.

हिवाळ्यात 'टॅन्सी अँड टार्न'नं 'शेवटचं ऊन' नावाची लाकडी पेटी बाजारात आणली. पेटीत माती, बिटाची लाली, काजळी आणि एक कोरा कागद, निरोप लिहायला. जाहिरातीत ओफेलियाचं नाव नव्हतं. ती दोन दिवस चिडचिडली, मग कामाला लागली.

फेब्रुवारीत ओहायची एक बाई आपल्या आईला घेऊन हबेलकडे आली. सोबत ती लाकडी पेटी. "आईची इच्छा होती, हेच लावायचं," तिनं सांगितलं. ओफेलियानं हबेलसाहेबांकडे पाहिलं. हबेलसाहेबांनी छताकडे पाहिलं. मग तिनं माती घेतली, बारीक कापडातून दोनदा चाळली, कडा मिटवल्या, लाली बोटाच्या टोकानं टेकवली. तिची खात्री होती, की हे सुटणार, ओघळणार आणि रात्रभर बसून पुन्हा करावं लागणार.

सुटलं नाही. ओघळलं नाही. घाम नव्हता, ऊन नव्हतं, हसणं नव्हतं. माती जिथं ठेवली तिथं बसली, मऊ आणि एकसारखी. लाली लाजली नाही. ओफेलिया दोन पावलं मागं सरून कितीतरी वेळ बघत राहिली. काम इतकं चांगलं झालं होतं की तिला राग आला.

तिनं नोएमीला फोन करून हे सांगितलं. पलीकडे नोएमी इतकी हसली की 'घरा'त कुणीतरी तिला शांततेची आठवण करून दिली.

"लिनेयाला सांगू का?" तिनं विचारलं.

"खबरदार! उद्या जाहिरातीत घालेल."

"मग काय करणार?"

"काय करणार म्हणजे? उरलेली डबी त्या बाईंना परत देणार. अर्धी तशीच आहे." ओफेलियानं हातमोजे काढले. "तू रविवारी येतेयस ना? येताना गोड पाव आण. आणि उपाशी ये, बदाम खाऊन येऊ नकोस."

"येते," नोएमी म्हणाली. मग तिनं विचारलं, "आई, ती बाई... तिच्या मुलीला आवडलं का?"

ओफेलियानं दाराच्या काचेतून बाहेरच्या खोलीत पाहिलं. ती मुलगी आईच्या उशाशी खुर्ची ओढून बसली होती आणि तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, बराच वेळ.

"आवडलं असावं," ती म्हणाली.